पार्वतीबाईंची झाकली मूठ

वालूरच्या पेठेत पार्वतीबाईंची पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन आलेली बाई पीठ पडेपर्यंत घरातलं सगळं सांगून मोकळी होते. सुनेचं पटत नाही, दिरानं बांध कोरला, पुण्याचा पोरगा फोन उचलत नाही. पार्वतीबाई पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया न हलवता ऐकतात, "हं" म्हणतात. स्वतःचं मात्र अवाक्षर नाही. शेजारीण दारात आली की चुलीवरच्या साध्या वरणावरसुद्धा झाकण पडायचं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं लोक नुसतं म्हणतात. नवरा गेल्यापासून पार्वतीबाई त्या म्हणीवरच जगल्या.

त्यामुळे लेकीच्या, शिवकन्येच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर पांढरा डाग दिसला तेव्हा त्यांनी तो देवालाही कळू दिला नाही. तालुक्याच्या सेलूत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून थेट नांदेड गाठलं. डॉक्टर म्हणाले, कोड आहे, एकाचं दुसऱ्याला होत नाही, जिवाला काही नाही. मलम लावा आणि मधूनमधून फोटो पाठवा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे डाग वाढतो की आटतो ते कळेल. शहाण्या मुलखात ही गोष्ट इथेच संपली असती. आपला मुलूख तेवढा शहाणा नाही.

मग दाराला कडी लावायची, पोरीला पालथं झोपवायचं, पाठीवर रुपया ठेवायचा, फोटो काढायचा. शिवकन्या मान वळवून म्हणायची, "माय, मला दाव की."

"तुला कशाला? उगं मनाला लावून घेशील."

फोटो डॉक्टरला जायचा आणि फोन पार्वतीबाईंच्या कनवटीला. फोनला आकड्यांचं कुलूप होतं आणि आकडा फक्त त्यांच्या डोक्यात होता. आता कुणाची माय व्याली होती तो फोटो बघायला!

तो फोन पेठेतल्या नागेशच्या दुकानातला. वालूरात रीतच अशी, की नवा फोन घेतला की त्यातलं खातं नागेश उघडणार, पासवर्डही तोच ठेवणार. तो विचारणं म्हणजे पोरावर संशय घेणं. पार्वतीबाई, ज्या तांदळाच्या डब्यालाही कुलूप लावत, त्यांनीही कधी विचारला नाही.

गंगाखेडच्या किशनरावांच्या घरी शिवकन्येची सोयरीक जमली. उसाचं घर, मुलगा योगीराज एकुलता एक. डागाबद्दल पार्वतीबाई बोलल्या नाहीत. आटत चाललाय, लग्नापर्यंत जाईल, असा हिशेब. हल्ली साखरपुड्यात नवरदेवाला अंगठीबरोबर मोबाईल द्यावा लागतो, तोही चालू करून, पडद्यावर नवरीचा फोटो लावून. पार्वतीबाईंनी नागेशला बजावलं, "हिरव्या साडीतला लाव. माझ्या फोनात हाय."

नागेशने सोपी वाट धरली. पार्वतीबाईंनी उघडून दिलेल्या फोनावरून, पासवर्ड न टाकताच, नव्या फोनात त्यांचंच खातं उतरवलं. त्यांचे सगळे फोटो आपोआप त्यात उतरले, त्यातला हिरव्या साडीतला त्याने वर लावला. "झालं, मावशी," म्हणाला आणि वर फुकट काचही चिकटवून दिली.

पुढं फोनानेच घात केला. हे फोन आपल्या मनाने जुने फोटो जोडतात, खाली गाणं लावतात आणि ‘आठवणी’ म्हणून समोर धरतात. साखरपुडा आटोपून योगीराज मावश्यांच्या घोळक्यात बसला असताना त्याच्या हातात तेच उघडलं. हिरवी साडी आली. मावश्या म्हणाल्या, गुणाची दिसती. मग उघडी पाठ आली आणि पाठीवर रुपया. मग पुन्हा पाठ, पुन्हा रुपया, आणि मागे सनई चालूच.

"ह्ये काय रं? रुपया कशापायी ठेवलाय?" एक मावशी म्हणाली. दुसरीने ओळखलं. शेवटच्या फोटोत डाग रुपयाहून लहान झाला होता, ते मात्र एकीलाही दिसलं नाही.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि तो पाहुण्यांच्या ग्रुपवर पडला. सकाळी गिरणीवर बाया आल्या, पीठ घेऊन गेल्या. पहिल्यांदाच पार्वतीबाईंना कुणी काही सांगितलं नाही. दुपारपर्यंत शिवकन्येचं नाव पडलं, ‘रुपयावाली’. किशनरावांनी साडी-नारळ परत धाडला आणि फोनवर म्हणाले, "तुमी लपवलं." लपवलंच होतं, ते चूकच. पण लपवलं आईने आणि गावोगाव फिरली लेकीची पाठ, हा कुठला न्याय? मला तर त्या सनईचीच किळस येते.

मोबाईल मात्र परत आला नाही. पार्वतीबाई नागेशकडे गेल्या. त्याने फोटो पुसून दिले. "पण खातं तिकडल्या फोनातनं काढता येत न्हाई मावशी. पासवर्ड आठवंना, आन ज्या नंबरावर उघडलं तो नंबर मी कवाच बंद केला."

"माझे फोटो, आन मलाच बंद करता येत न्हाईत?"

"फोटो तुमचे हायती. खातं मी उघडलंय ना." तो वाईट पोरगा नाही. कुणाची तक्रार नव्हती, म्हणून आपण काही वावगं करतो हे त्याला कधी सुचलंच नाही.

दिवाळीनंतर डाग गेला. पाठ लख्ख झाली. पार्वतीबाईंनी कडी लावली, रुपया घेतला.

"पालथी हो. शेवटचा काढू."

"डाक्टरांनी तर बास म्हणलंय."

"डाक्टरला न्हाई. आपला फोटो अजून त्या फोनात पडतो. बघू दे मेल्यांना, किती साफ झाली ते. येतील हात जोडीत."

शिवकन्या पालथी झाली नाही. आईच्या हातातला रुपया तिने घेतला आणि खिडकीतून बाहेर टाकला.

"माय, माझी पाठ नांदेडानं बघितली, गंगाखेडानं बघितली, नागेशनं बघितली. तू रोज बघायलीस," ती म्हणाली. "मीच तेवढी बघितली न्हाई."