पोर्चमधला पिकअप

"मारल्याशिवाय सरळ होत नाही," असं म्हणून आमचा शेजारी तळहातावर थुंकायचा आणि हातोडा उचलायचा. पत्र्याविषयी म्हणायचा, ऑफिसातल्या हाताखालच्या पोरांविषयी म्हणायचा. एकदा आमच्या बंद पडलेल्या वॉशिंग मशीनकडे पाहूनही म्हणाला आणि त्याला लाथ घातली. मशीन सुरू झालं, हे तर आणखीच वाईट झालं. पुढे महिनाभर ते वाक्य मला दिवसातून दोनदा ऐकावं लागलं.

इथे परदेशात, पासिर रिस या उपनगरात आमची रांगेतली घरं. त्याच्या आणि माझ्या पोर्चमध्ये कमरेएवढी भिंत. भाड्याच्या घराच्या पोर्चमध्ये लोक कुंड्या ठेवतात, सायकली ठेवतात. यानं एक मेलेला पिकअप आणून ठेवला. उत्तरेकडच्या कुठल्याशा शेतावर कोंबड्यांच्या खुराड्यामागे गंजत पडलेला, त्याच्या वडिलांच्या वयाचा. पुढे दोन माणसं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा. यानं त्याला दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलं, तिसऱ्याची चाकं लावली, छप्पर कापून बुटकं केलं. जुन्या गाड्यांना इथे सवलत मिळते, पण मूळ रूपात ठेवलेल्यांना. हे सोंग रस्त्यावर कोण येऊ देणार, असं मी विचारलं.

"मला कुठे चालवायचाय?" तो म्हणाला.

माणूस साधा नव्हता. बँकांची सॉफ्टवेअर सांभाळणारा, सूटबूटवाला मॅनेजर. पण संध्याकाळी घरी आला की टाय सैल करायच्या आत हातोडा हातात. असा ठोकायचा की माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या थरथरायच्या. अंगठा फुटला की त्यावर काळी टेप गुंडाळून पुढे चालू. मडगार्डवर रक्ताचे थेंब असायचे, ते तो बाहीनं पुसायचा. स्क्रू हलला नाही की त्याला आईबहिणीवरून शिव्या. एकदा पाना भिरकावला तो थेट माझ्या खिडकीतून आत आला. मी पाना घेऊन गेले आणि तो तिथे उभा असेपर्यंत बोलले, मग नवी काच त्याच्याकडूनच बसवून घेतली. तुम्हालाही असा एखादा शेजारी भेटला असेल, ज्याच्यावर पुरतं रागावताही येत नाही.

कारण पत्र्यातलं त्याला खरंच कळायचं. "ताई, जरा धरता का?" असं म्हणून तो मला बोलवायचा. मी आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायची, बाहेरून तो ठोकायचा. दणका माझ्या खांद्यापर्यंत यायचा. असंच एकदा ठोकता ठोकता त्यानं मिरजेतल्या वडिलांच्या गॅरेजबद्दल सांगितलं. चुकीचा पाना हातात दिला की तोच पाना पाठीत बसायचा. हे सांगताना तो हसत होता आणि मला ते हसू बघवत नव्हतं.

त्याच्या बायकोचं, वहिनींचं, डावं मनगट थोडं वाकडं होतं. पोळ्या लाटताना त्या लाटणं जरा तिरकं धरायच्या. एका दुपारी भिंतीपाशी मटार सोलता सोलता त्यांनीच सांगितलं. पुण्याला असताना त्यानं एकदा ढकललं, हात मोडला. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी त्याला बजावलं, मारायचंच असेल तर पत्रा मारा, माझ्यावर पुन्हा हात उठला तर मी दिसणार नाही. तेव्हापासून तो पत्रा मारत होता. पुण्याला एक जुनी जीप झाली होती, इथे हा पिकअप. पुन्हा हात उठला नव्हता, असं त्या म्हणाल्या. मटार मात्र तसाच भराभर सोलत राहिल्या.

मग पिकअप होत आला. दरवाजे बसले, बॉनेट आरशासारखं झालं. आणि पोचे पडायला लागले. आज दरवाज्यावर, परवा मडगार्डवर, लहानसे, गोल. त्यानं थयथयाट केला. मग माकडांवर संशय घेतला. आमच्याकडे माकडं येतात, कचरा उपसतात, हे खरं आहे. शनिवारभर तो हातात पाना घेऊन हौद्यात दबा धरून बसला. माकड काही आलं नाही. मग शिव्या घालत त्यानं पोचा ठोकून काढला. आठवड्यानं नवा पोचा.

ते माकड मला एका मंगळवारी दुपारी दिसलं. मी घरूनच काम करायची, दोन मीटिंगच्या मध्ये चहा घ्यायला उठले होते. वहिनी पोर्चमध्ये आल्या, पदर खोचला, खलबत्त्यातला बत्ता दोन्ही हातांनी उचलला आणि दरवाज्यावर घातला. एकच घाव. मग पदरानं बत्ता पुसला आणि वर मान केली, तर समोर मी.

"काम संपलं की त्यांचे हात मोकळे होतात," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यानं विचारलं तेव्हा मी शपथेवर सांगितलं, माकडच होतं, चांगलं दांडगं, मी डोळ्यांनी पाहिलं. आजही विचारलं तर हेच सांगेन.

पण पत्रा खोटं बोलत नाही. पुन्हा पुन्हा मार खाल्ला की तो ताणला जातो, पातळ होतो, मग कितीही ठोका, आकार धरत नाही. एका रविवारी दिवेलागणीच्या आधी मी दरवाज्याला ठोकळा लावून धरला होता. त्यानं अंगठ्यानं पत्रा दाबला, तो टप्प करून आत गेला. सोडला, टप्प करून बाहेर आला. "मेला हा," तो म्हणाला. "इतकं मारायला नको होतं." मग बाजूच्या ताज्या पोच्यावरून त्यानं पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. आत गेला, बत्ता घेऊन आला आणि पोच्यात टेकवला. बरोब्बर बसला.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्याच्या एका हातात बत्ता, दुसऱ्यात हातोडा. मी खरं सांगते, त्यानं त्यांच्या दिशेनं एक पाऊल टाकलं असतं तर मी तो ठोकळा त्याच्या डोक्यात घातला असता. मला भीती वाटत होती आणि तितकाच रागही आला होता.

वहिनींनी मला सांगितलं होतं तेच, काम संपलं की हात मोकळे होतात, त्यालाही सांगितलं. आवाज न चढवता.

तो वळला आणि पहिला घाव काचेवर घातला. मग दिवे. मग बॉनेट, जे तो जुन्या बनियनने पुसायचा. छप्पर, मडगार्ड, दोन्ही दरवाजे. काचा माझ्या कुंड्यांत उडाल्या, त्याच्या कपाळातून रक्त आलं, पण तो थांबेना. समोरच्या चिनी आजींनी पोलिसांना बोलावलं. दोन कोवळे पोलीस आले, "ओन व्हेइकल?" विचारलं, तो धापा टाकत "ओन व्हेइकल" म्हणाला. वहिनींना त्यांनी विचारलं, तुम्हाला मारलं का, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पोलीस वहीत काहीतरी लिहून गेले.

मग त्यानं हातोडा वहिनींच्या पायाशी ठेवला. चेहरा असा, जणू सणाची साडी आणून दिली आहे.

"घे. आता जन्मभराचं काम झालं. कधी संपायचं नाही."

वहिनींनी त्या चेंदामेंदा झालेल्या गाडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"तुम्हाला पुरेल," त्या म्हणाल्या. "मला नाही पुरणार."

त्याच आठवड्यात त्या नाशिकला बहिणीकडे गेल्या. मीच त्यांना विमानतळावर सोडलं. बत्ता त्यांनी बॅगेत घातला होता.

त्यानंतर ठोकठोक बंद झाली. मला वाटलं होतं, आता तर तो रात्रंदिवस ठोकेल. पण हातोडा होता तिथेच पडून राहिला, पावसानं त्याला गंज चढला. संध्याकाळी तो ऑफिसातून यायचा आणि टाय न सोडता केबिनमध्ये बसायचा. शेजारची सीट मोकळी. एकदा मी भिंतीवरून डबा दिला. त्यानं घेतला, धुऊन परत केला.

घराचा करार संपला तेव्हा भंगाराची लॉरी आली. वर लोखंडी पंजा असलेली. पंज्यानं पिकअपचं छप्पर पकडलं, पत्रा किंचाळला, एक दरवाजा निखळून लोंबायला लागला. तो लॉरीच्या बाजूनं मागेपुढे करत होता, दोन्ही हात वर धरून, पोर खाली उतरवताना धरतात तसे.

"स्लोली," तो म्हणाला. "स्लोली, स्लोली."

पंजा चालवणारा हसला. "स्क्रॅप ऑलरेडी, बॉस. स्लोली फॉर व्हॉट?"

त्यानं हात खाली घेतले नाहीत. लॉरी वळणापर्यंत जाईस्तोवर तो मागून चालत होता आणि तेच म्हणत होता.