सशासाठी तुतीच्या काड्या

बाळांनो, तुमचा ससा आमच्याकडे शेळगावला राहिला कसा, हे तुम्हाला फोनवर नीट सांगताच आलं नाही. एकीकडे तुम्ही दोघं एकदम बोलता, दुसरीकडे तुमचे आबा मागून दुरुस्त्या सुचवतात. म्हणून लिहून काढते.

तुम्ही परदेशी निघालात आणि तो इथे आला. पहिल्या आठवड्यात त्याने केरसुणी कुरतडली. ती माफ झाली. मग आबांच्या मोबाइलचा चार्जर तुटला. त्यानंतर, बरोबर बातम्यांच्या वेळी, टीव्हीची वायर.

आबा काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता एक जरी वायर तोडली, तर ह्याला लासुर्ण्याला धाडतो. माझ्या मावसभावाला सशाची लई हौस हाय."

"पाळायची का खायची?" मी विचारलं.

आबांनी चष्मा पुसायला घेतला.

मी सगळ्या वायरी भिंतीवर उंच बांधल्या. पण सशाचे दात जन्मभर वाढतात. काही ना काही चावून ते झिजवावेच लागतात. वायर नाही मिळाली तर तो पलंगाचा पाय धरणार, हे उघड होतं. त्याला कठीण असं काही द्यायला हवं होतं, आणि आमच्याकडे कठीण म्हटलं की ऊस. तोडणी चालू होती. मी एक कांडं सोलून दिलं. ते त्याने असं चावलं की ऐकत राहावं. बातमी गावभर झाली. आपल्याकडे दारात आलेल्याला ऊस दिल्याशिवाय कोणी सोडत नाही, तसं दारात येणारा प्रत्येक जण सशासाठी कांडं घेऊन येऊ लागला. ससा खूश, मी खूश, वायरी शाबूत.

एके सकाळी तो कोपऱ्यात अंग आखडून बसला होता. गवताला तोंड लावेना, उसालाही नाही. लेंड्या पडल्या नव्हत्या. खाणं थांबलेला ससा ताटकळत ठेवू नये, एवढं मला ठाऊक होतं. तसंच त्याला टोपलीत घालून आम्ही बारामती गाठली. गाडी आबांनीच चालवली.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट चाचपलं. "काय खायला घालता?"

"ऊस," मी म्हटलं.

"आजी, ससा आहे हा. कारखाना नाही."

गोडाने त्याचं पोट बिघडलं होतं. त्यांनी औषध दिलं आणि बजावलं, की वाळलेलं गवत हेच त्याचं जेवण. दात झिजवायला पेरूच्या, तुतीच्या किंवा बांबूच्या काड्या द्या, पण फवारणी झालेल्या झाडाच्या अजिबात नकोत.

संध्याकाळपर्यंत त्याने गवताच्या चार काड्या खाल्ल्या, आणि आबांनी चहा मागितला.

आता काड्या आणायच्या कुठून? आमच्या पेरूवर परवाच फवारणी झालेली. शेजारच्या डाळिंबांवर तर पंप सतत फिरतो. बांबू आसपास नाही. मी इंटरनेटवर शोधलं, तर तिथे सफरचंदाच्या फांद्या उत्तम म्हणून लिहिलेलं.

"काश्मीरला जाऊन येऊ का?" आबा म्हणाले.

तेव्हा मला ओढ्यापलीकडची तुमची धाकटी आजी, माझी जाऊ, आठवली. ती रेशमाच्या अळ्या पाळते. अळ्यांना तुतीचा पाला लागतो, आणि पाल्यावर औषधाचा थेंब जरी पडला तरी त्या मरतात. म्हणून आपल्या तुतीच्या जवळपासही ती कोणाला पंप आणू देत नाही. याहून निर्धोक झाड पंचक्रोशीत सापडणं कठीण.

"अळ्यांनी पाला खाल्ला, की नुसत्या काड्याच उरत्यात, अक्का," ती म्हणाली. "शेडमधला ढीगच न्या की."

पण अळ्यांच्या अंथरुणावर ती चुना आणि पावडर भुरभुरते, ते मी पाहिलं होतं. म्हणून शेतातल्याच ताज्या फांद्या मागितल्या.

"घ्या. आदी अळ्या, आता तुमचा ससा. माझ्या तुतीला जावईच लई."

फांद्या धुऊन मी सावलीत वाळवल्या आणि बोटभर लांबीचे तुकडे केले. सशाने एक तुकडा हुंगला, फिरवला, आणि कडेने साल सोलायला लागला. भाकरीचा पापुद्रा काढावा तशी. दुपारभर घरात कर्र कर्र चालू होतं. आबा आत पडले होते. "झोपू देत न्हाय," म्हणाले, पण दार लावलं नाही.

पुढच्या रविवारी लासुर्ण्याचे मावसभाऊ आले. हातात रिकामी टोपली, काखेत उसाची मोळी. टीव्ही बंद पडला त्या रागात आबांनी त्यांना ससा न्यायचा निरोप धाडला होता, आणि नंतर सोयीने विसरले होते. ससा आबांच्या खुर्चीखाली काडी सोलत होता. शेजारी जमिनीवर आबांचा नवा चार्जर लोळत होता, आणि तो शाबूत होता.

"गुबगुबीत झालाय की," पाहुणे म्हणाले, आणि त्यांनी उसाचं कांडं सशापुढे धरलं.

आबा खुर्चीतून उठले आणि ते कांडं त्यांनी काढून घेतलं. "त्याला ऊस चालत न्हाय."

"मग नेऊ का घरी?"

"तुज्याकडं तुती हाय का?"

"तुती? न्हाय बा."

"बिनफवारणीचं काय हाय?"

पाहुण्यांनी खूप विचार केला. "काय न्हाय."

"मग कसा धाडू? त्याचं दात वाढत्यात," आबा म्हणाले, आणि काढून घेतलेलं कांडं स्वतःच सोलून खात बसले.

टोपलीतून पाहुणे आमचे पेरू घेऊन गेले.