कालव्याकाठचा पिवळा पाटा

मुलाने इलिनॉयमध्ये घर घेतलं ते ऐतिहासिक गावात. ऐतिहासिक हा त्याचा शब्द. गाव जेमतेम दीडशे वर्षांचं. आमच्याकडे एवढ्या वयाच्या दगडाला कोणी इतिहास म्हणत नाही, त्याला म्हैस बांधतात.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी आणि बायको सहा महिन्यांसाठी गेलो होतो. महिन्याभरात बायकोचं जेवण निम्म्यावर आलं. मिक्सरमधली चटणी ही चटणी नसते, तो चिखल असतो, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी तिने मुलाला सांगून टाकलं, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. यांना राहायचं तर राहू देत."

मला राहायचं होतं. नातू नुकता पालथा पडायला लागला होता. आणि तिच्याशिवाय राहायचं नव्हतं. पण तोंडाने मी एवढंच म्हणालो, "जा की. तुला धरून कोणी ठेवलंय?" आणि दुसऱ्या दिवसापासून पाट्यासाठी दगड शोधायला लागलो.

चौथीनंतर मी शाळेला नको झालो आणि शाळा मला. पण उभी हयात पिठाची गिरणी चालवली, आणि गिरणीच्या दगडाला टाकी लावायला कधी परका माणूस बोलावला नाही. दगडातलं मला कोणी शिकवायचं नाही.

गाव तर दगडाचंच होतं. शेजारी एक गोरा म्हातारा राहायचा. तरुणपणी तो खाणीत कामाला होता. आता दर शनिवारी कालव्यावरच्या म्युझियममध्ये बसून येईल त्याला गावाचा इतिहास सांगायचा. यायचं सहसा कोणी नाही. आम्ही गेलो तर त्याला इतका आनंद झाला की त्याने सगळा इतिहास दोनदा सांगितला. मुलगा मराठीत करून देत होता. म्हणे आयर्लंडच्या मजुरांनी फावड्यांनी कालवा खोदला. खोदताना पिवळा दगड लागला, म्हणून खाण काढली. दगड होडीत, होडी दोरीला, दोरी खेचराला, आणि खेचर काठाने चालत शिकागोकडे. पुढे रेल्वे आली आणि कालवा बेकार झाला. मग सिमेंट आलं आणि खाण बेकार झाली. आता खाणीत पाणी आहे, कालव्यात बदकं आहेत, आणि दोन्हींच्या काठी माहितीच्या पाट्या आहेत. कामं गेली की पाट्या येतात, एवढं मला कळलं.

"या कालव्यावर भिजतं किती?" मी विचारलं.

"बाबा, हा शेतीचा कालवा नाही. बोटींसाठी होता."

"म्हणजे एवढं खोदून एका वाफ्याला पाणी नाही?"

मुलाने याचं भाषांतर केलं नाही.

म्हाताऱ्याच्या परसात पिवळ्या दगडाची एक लादी पडली होती. मी बोट दाखवलं. त्याने ती स्वतः ढकलगाडीवर घालून आणून दिली आणि मान हलवत इंग्रजीत बरंच काही बोलला. मुलगा ऑफिसला होता. मी सगळ्याला "येस, येस" म्हणालो.

गॅरेजातली छिन्नी-हातोडी घेऊन मी अंगणात बसलो. सून धावत आली. "बाबा, प्लीज! नेबर्स कंप्लेंट करतील."

"करू दे की. नेबर खुर्ची घेऊन बघायला बसलाय."

दगड फार भराभर कापला जात होता. मला वाटलं, हात अजून चांगला आहे. वरवंट्यासाठी कालव्याच्या काठावरून एक लांबट गोटा आणला आणि संध्याकाळच्या आत पाटा बायकोपुढे ठेवला. तिने पदर खोचला. नव्या पाट्याची खर, म्हणजे सुटी कच, काढायला आधी तांदूळ वाटतात. आपला दगड काळा, त्यामुळे तांदळात खर दिसते, आणि दिसेनाशी होईपर्यंत वाटत राहायचं. इथे पीठ पांढरं आणि या पिवळ्या दगडाची भुकटीही जवळजवळ पांढरी. काय निघालं आणि काय राहिलं, कोणाला दिसणार? तिने दोनदा वाटून धुतला आणि कोथिंबीर-मिरची घेतली. वरून लिंबू पिळलं.

पाटा फसफसायला लागला.

"अहो, चटणी उकळतेय!"

"ताजी आहे म्हणून," मी म्हणालो.

"ताजी कसली? चुनखडी आहे ही! चाळीस वर्षं दगड टाचलात ना?"

"इथल्या दगडाला शिस्त नाही, त्याला मी काय करू?"

जेवायला बसलो. मुलाने पहिला घास घेतला आणि चावायचं थांबवलं. कचकच मला समोर ऐकू आली. "बाबा, इथे डेंटिस्ट फार महाग असतो," तो म्हणाला.

"खा मुकाट्याने. कॅल्शियम आहे."

बायको हसायला लागली. पदर तोंडाला लावूनही हसू आवरेना. नातू दचकून रडायला लागला, तरी ती थांबेना. त्या देशात आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, तेही माझ्यावर. मग डोळे पुसत मुलाला म्हणाली, "तिकीट राहू दे रे. मी गेले तर हे खाणीतलं पाणी उपसून काढतील."

"राहायचं तर राहा," मी म्हणालो, "पण चटणीला नावं ठेवायची नाहीत."

"मी कशाला ठेवू?" असं म्हणून तिने उरलेली सगळी चटणी माझ्या ताटात वाढली.

मी ती संपवली. पुन्हा मात्र मागितली नाही.