चोवीस शब्दांच्या तीन झेरॉक्स

क्रिप्टो म्हणजे डिजिटल चलन, त्याच्या चाव्या ठेवायचं हार्डवेअर वॉलेट निवडायला मी चार महिने घेतले. बायको म्हणते, तिला पाहायला आलो तेव्हा चार मिनिटांत होकार दिला होता. पण हे पैसे लेकीच्या शिक्षणाचे होते आणि ते मोबाइलमध्ये ठेवून मला चैन पडत नव्हतं. पेनड्राइव्हएवढं यंत्र हवं होतं, स्वतःची स्क्रीन असलेलं, ब्लूटूथ नसलेलं, आतला प्रोग्राम कोणालाही तपासता येईल असं. ओळखीतला एकजण वापरलेलं निम्म्या भावात देत होता. त्याला नको म्हटलं, आत कोणी काय करून ठेवलंय कसं कळणार? थेट कंपनीकडून मागवलं. वाशीमला ऑफिसात चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे नवी चप्पल घातली तरी लोक भाव विचारतात.

यंत्राने पहिल्याच दिवशी चोवीस इंग्रजी शब्द दाखवले. यंत्र हरवलं तरी या शब्दांवरून पैसे परत मिळतात. आणि शब्द ज्याच्या हाती लागले, पैसे त्याचे. मी ते कागदावर उतरवले. भाड्याच्या खोलीत ठेवायला मन घेईना, म्हणून रविवारी गावी जाऊन बाबांना दिले. "लय महत्त्वाचा कागद हाय बाबा, जपून ठेवा," एवढंच बोललो. चार महिन्यांचं शहाणपण तिथे संपलं.

पुढच्या रविवारी बाबांनी फाइल उघडली. कागद लॅमिनेट केलेला, मागे तीन झेरॉक्स. खास शेलूबाजारला जाऊन आले होते.

"काहून केलं हे बाबा?"

"तूच म्हणला ना महत्त्वाचा हाय. एक झेरॉक्स काळी आली, ते दुकानातच टाकून देल्ली. मास्तरची सही घ्याची हाय काय, सत्यप्रत म्हणून?"

माझं डोकं सणकलं. ओसरीवर बसलो, यंत्र पिशवीतून काढलं. पैसे जागेवर होते. नवे चोवीस शब्द तयार केले आणि सगळे पैसे त्या शब्दांच्या नव्या खात्यात हलवायला लावले. त्याला वेळ लागतो. तोवर बाबांची फाइल चाळत बसलो. जातीचा दाखला, माझ्या शिष्यवृत्तीचे कागद, घराचा उतारा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. एक प्रत कमी म्हणून तहसील कचेरीच्या खिडकीवरचा माणूस त्यांना परत पाठवायचा, आणि मजुरी बुडवून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तालुक्याला जायचे. हे मी लहानपणी पाहिलं होतं, आणि विसरलोही होतो. मला लाज वाटली.

पैसे नव्या जागी पोहोचले. बाबांच्या हातातल्या कागदाला आता काडीची किंमत नव्हती.

"तीन पुरतीन ना?" त्यांनी विचारलं.

"पुरतीन."

त्यांनी तो कागद जातीच्या दाखल्याच्या मागे नीट लावला आणि फाइलीची नाडी बांधली.

"आता तुले कोणी वापस नाही पाठवत," ते म्हणाले.