सायकलचोराला वांगं चालत नाही

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता पार विसरलो आहे. एका सायकलची तक्रार मात्र डोक्यातून जात नाही. नावं लिहीत नाही. त्यातले दोघेही साधे लोक होते, त्यांना पुन्हा कागदावर आणायची माझी इच्छा नाही.

मी सुरतेचाच. वडील धुळ्याकडून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले, मी लिंबायतमध्ये वाढलो, गुजरात पोलिसांत शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट. त्या हिवाळ्यात शहरात मोठी सायकल राइड झाली. डुमस रोड पहाटेपासून बंद, स्टेजवर गाणी, हजारो लोक एकसारख्या टी-शर्टमध्ये. वरून आदेश आला की प्रत्येक ठाण्यातून एका अधिकाऱ्याने राइडमध्ये भाग घ्यायचा. माझं पोट पाहूनच आमच्या पीआय साहेबांनी माझं नाव दिलं असावं.

खरं सांगतो, पहिला अर्धा तास मला मजा आली. शेजारून जाणारी अनोळखी पोरं 'चलो अंकल, चलो' म्हणत होती. इतक्या वर्षांत रस्त्यावर मला बघून कोणी हसलं नव्हतं, कारण अंगावर नेहमी खाकी असायची. मग मैदान आलं आणि सगळे आपापल्या घोळक्यात गेले. फोटो, नाश्ता, हशा. मी सायकल हातात धरून उभा होतो आणि माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं. म्हणून सरळ ठाण्यात जाऊन बसलो.

राइड होऊन दोन महिने उलटले असतील. एक वृद्ध गृहस्थ ठाण्यात आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, कानात ऐकण्याचं मशीन. कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये डाइंग मास्टर होते, आता अडाजणला स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. पत्नी वारलेली, मुलगा परदेशात. त्यांचं म्हणणं असं की राइड संपल्यावर मैदानातून त्यांची हिरव्या रंगाची गिअरची सायकल चोरीला गेली.

"एवढे दिवस काय करत होता?" पीएसओने, म्हणजे तक्रारी घेणाऱ्या आमच्या हवालदाराने विचारलं.

"वाटलं, येईल परत," ते म्हणाले.

सायकल काय मांजर आहे परत यायला? पण पीएसओने अर्ज लिहून घेतला. चोर कोण असावा, यावर त्यांनी मोघम सांगितलं. पांडेसराकडच्या लूमवरचा कामगार असावा, तिथल्या कुठल्याशा कारखान्याचे, नाव आठवत नाही म्हणाले, टी-शर्ट घातलेली माणसं सायकलजवळ घुटमळत होती.

सायकलचोरीसाठी कोणी धावपळ करत नाही, हे वाचकांनाही ठाऊक असेल. पण हे गृहस्थ रोज सकाळी येऊन बाकावर बसू लागले. चहा विचारला की घेत, कामाला आलेल्या लोकांकडे बघत बसत, दुपारी जात. त्यात राइडला बडे अधिकारी आले होते. त्यांच्या नाकासमोरून सायकल गेली हे बरं दिसत नव्हतं. साहेब म्हणाले, शोधून टाका एकदाची.

आमचा एक जुना बातमीदार पांडेसराला पंक्चरचं दुकान चालवायचा. आठवड्याच्या आत त्याचा फोन आला. लूम कामगारांच्या एका खोलीबाहेर तशी सायकल आहे. एक जण ती रोज पुसतो, रात्री उचलून माडीवर नेतो, पण चालवताना फारसा दिसत नाही. हे मला तेव्हाच खटकलं. चोरीची वस्तू एक तर लगेच विकली जाते, नाही तर तिचा रंग बदलतो. पुसून कोणी ठेवत नाही.

तपासाच्या पथकातले शिपाई त्याला चालू लूमवरून उठवून घेऊन आले. पंचविशीतला, सडपातळ, केसांत कापसाचे तंतू. सायकल मुद्देमाल म्हणून टेम्पोतून आली. माझ्या सहकाऱ्याने दरडावून विचारलं, "सायकल क्यांथी लाव्यो?"

"एक बाबाने दिया, साब."

"कौन बाबा? नाम?"

"नाम नहीं मालूम. बाबा बोलता था."

सगळी खोली हसली. असले बाबा आम्हाला रोज भेटत. कोणाला मोबाइल देतात, कोणाला सोनसाखळी. पण झडतीत त्याच्या खिशातून सायकलच्या कुलपाची किल्ली निघाली, आणि कुलूप कापलेलं नव्हतं. सहकारी म्हणाला, म्हाताऱ्याने किल्ली कुलपातच ठेवली असेल. असेलही. तरी मी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. त्याच्या हिंदीचा सूर ओळखीचा वाटला, म्हणून अहिराणीत विचारलं.

"कोनता गावना शे रे तू?"

त्याने मान वर केली. शिंदखेड्याकडच्या एका गावाचं नाव सांगितलं आणि मग रडायलाच लागला. "साहेब, मी चोरी करी नही. त्या बाबानी माले दिधी. लूमवर सगळासनी देखं माले धरी आनं, आते सेठ माले ठेवाव नही."

त्याच्यासाठी डबा मागवला आणि मी अडाजण गाठलं. सायकल ओळखायला तक्रारदाराला आणायचंच होतं; त्याआधी त्यांच्याशी त्यांच्या घरी बोलावं असं वाटलं. खाली वॉचमनने इंटरकॉम लावला. कोणी उचलला नाही. वर जाऊन बेल वाजवली, पुन्हा पुन्हा वाजवली. शेवटी शेजारच्या बाईंनी दार उघडून सांगितलं, "काका को सुनाई नहीं देता. घर में मशीन निकालके रखते हैं." त्यांनी स्वतःकडच्या किल्लीने दार उघडून दिलं.

गृहस्थ खिडकीशी बसले होते. मला बघून दचकले, मग टेबलावरच्या डबीतून मशीन काढून कानात घातलं. "घरात कोणाशी बोलायचंय? उगाच सेल संपतात," असं स्वतःच म्हणाले.

मी सांगितलं, सायकल सापडली, एकाला ताब्यात घेतलंय.

इतक्या वर्षांत मी फिर्यादींना त्यांची वस्तू सापडल्याचं अनेकदा सांगितलं होतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो. मोडली तर नाही ना? सगळं जागेवर आहे ना? श्रीमंत असो की गरीब, त्यात फरक पडत नाही.

हे गृहस्थ म्हणाले, "मारलं नाही ना त्याला?"

"नाही."

"जेवला का?"

"डबा मागवलाय."

"वांगं नको हं त्यात. त्याला चालत नाही, अंगाला खाज येते."

वांगं न खाणारा खानदेशी माणूस मीही पहिल्यांदाच ऐकत होतो, पण हसू आलं नाही. आपण काय बोलून गेलो ते त्यांना उशिरा कळलं. मग ते उठून आत गेले, पाणी घेऊन आले, आणि ग्लास माझ्यासमोर ठेवून बसले.

"तुमची सायकल चोरीला गेली नव्हती," मी म्हणालो.

"नाही."

मग त्यांनी सांगितलं. राइडमध्ये ते एकटेच गेले होते. परतीच्या वाटेवर पायात गोळा आला आणि ते दुभाजकावर बसले. लोक 'चलो अंकल' म्हणत पुढे जात होते. कळ सहन होईना तेव्हा त्यांच्या तोंडून 'ओ माय वं' निघालं. ते ऐकून हा पोरगा मागे वळला. शेठने सगळ्या कामगारांना कारखान्याचे टी-शर्ट देऊन, भाड्याच्या सायकलींवर राइडला धाडलं होतं, त्यातलाच एक. त्याने पाय चोळून दिला, दोन्ही सायकली दोन हातांनी ढकलत त्यांच्याबरोबर मैदानापर्यंत चालत आला. ते पोचले तेव्हा मंडप सोडायला सुरुवात झाली होती. वाटभर दोघं अहिराणीत बोलत होते. पत्नी गेल्यापासून ती भाषा त्यांच्या तोंडात आली नव्हती.

त्यांनी त्याला घरी नेऊन जेवू घातलं आणि सायकल देऊन टाकली. अट एकच, सुट्टीच्या दिवशी येत जा. तो आला, दोनदा. आधी फोन करायचा, खिशातला फोन थरथरला की हे मशीन घालून खाली गेटपाशी जाऊन उभे राहायचे. मग एकाएकी फोन बंद. सुट्ट्या येत गेल्या, तो आला नाही.

"पांडेसरात कितीतरी लूम आहेत, साहेब. मी दोन दिवस फिरलो. कोण सांगणार? म्हणून तुमच्याकडे आलो."

"चोरीचा आळ घेऊन?" माझा आवाज चढला. "खरं सांगायचं होतं, माणूस शोधून द्या म्हणून."

"तुम्ही विचारलं असतं, तुमचा कोण लागतो? काय सांगणार होतो मी?"

माझा राग मात्र गेला नाही. एका माणसाची रोजी त्यांनी धोक्यात घातली होती, तेही भेटायला आला नाही म्हणून. मी त्यांना गाडीत घातलं आणि ठाण्यात आणलं.

दोघांना समोरासमोर बसवलं. गृहस्थांनी हात जोडले. "भाऊ, मी चुकनू. तू उना नही, माले वाटनं..."

"मी दोन डाव उनथू, बाबा," तो म्हणाला.

हळूहळू उलगडा झाला. त्याची आई आजारी म्हणून तो गावी गेला होता. परत आला त्याच आठवड्यात खोलीवरून त्याचा फोन चोरीला गेला, त्याबरोबर नंबरही. त्याची तक्रार मात्र कोणी घेतली नव्हती. नंबर नाही म्हणून तो सायकल घेऊन थेट अडाजणला गेला. तोवर सोसायटीने वॉचमन बदलले होते. नव्याने नाव विचारलं. त्याला फक्त बाबा माहीत. मजला सांगितला, त्यावरून इंटरकॉम लावला गेला. वर मशीन डबीत होतं. कोणी उचलला नाही तेव्हा वॉचमनने त्याला गेटपासून दूर व्हायला सांगितलं. पुढच्या सुट्टीलाही तेच. तो रस्त्यापलीकडे बराच वेळ उभा राहिला आणि परत गेला.

गृहस्थ ऐकत होते. मग कानातलं मशीन त्यांनी उगाचच दाबून पाहिलं.

पुढचं काम सोपं होतं. त्यांचा जबाब घेतला, अर्ज निकाली काढला. खोटी तक्रार दिल्याबद्दल कारवाई करता आली असती; मी त्या पोराला विचारलं, तुला यांच्याविरुद्ध काही सांगायचंय का? तो नाही म्हणाला. शेठला मी स्वतः फोन केला. शेठ गोड बोलला, पण त्याच्या लूमवर दुसरा कारागीर बसवला होता. शहराबाहेर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत पोराचा एक गाववाला होता, तिकडे जातो म्हणाला.

गृहस्थांनी किल्ली त्याच्या हातात द्यायचा प्रयत्न केला. त्याने ती टेबलावर ठेवली. "नको, बाबा. आते मी येस नही. पोलिसनी गाडीमा बसाडं माले, लोके देखत व्हतात." मग त्यांच्या पाया पडला आणि निघून गेला. तो रागावला असता तर त्या गृहस्थांना बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? एक तर हे की, तक्रारदार काय सांगतो त्याहून तो आधी काय विचारतो ते ऐकावं. पुढे मला याचा उपयोग झाला. दुसरं शिकलो त्याचा तपासात काही उपयोग नाही. ठाण्यात रोज येऊन बसणारी म्हातारी माणसं आम्हाला कटकट वाटत. त्यांचा अर्ज वेगळा असतो आणि काम वेगळं असतं, आणि त्या कामासाठी आमच्याकडे रकाना नाही. आता मी स्वतः निवृत्त आहे. बायको नाही, मुलगी बडोद्याला. कधीकधी काही काम नसताना जुन्या ठाण्यावरून चक्कर मारतो. नवी मंडळी उभं राहून सलाम करतात, चहा मागवतात, आणि मग घड्याळाकडे बघतात.

पुढच्या वर्षीच्या राइडला मी बंदोबस्तावर होतो. गृहस्थ बॅरिकेडपाशी उभे दिसले, सायकल नव्हती. कारखान्यांच्या टी-शर्टचे घोळके आले की वाकून बघत होते. मी जवळ जाऊन विचारलं, काय म्हणता?

म्हणाले, "आता मशीन काढत नाही. झोपतानाही कानात असतं."

"मग? इंटरकॉम वाजतो का?"

"वाजतो ना. परवाच वाजला. कुरिअरवाला होता, शेजाऱ्यांचं पार्सल घेऊन आलेला. चुकून मला लागला."