कैतानकाकांचा व्हॉल्यूम

रिमोटमधले दोन्ही सेल माझ्या शर्टाच्या खिशात होते, आणि टीव्हीचा आवाज वाढला.

हळूहळू नाही, एकदम. बातम्या देणारी बाई इतका वेळ नुसते ओठ हलवत होती, ती अचानक ओरडायला लागली. त्याच क्षणी स्क्रीन उजळली. कोपऱ्यातलं शिलाई मशीन मघापासून अंधारात नुसतं गाठोडं होतं, ते खालच्या पायडलसकट दिसायला लागलं.

आतल्या खोलीतून मुलीची हाक आली, "आई, आवाज कमी कर गं!"

मार्थामावशी माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला फक्त दोन्ही हात दाखवले. हातात रोजरीची जपमाळ होती.

मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. वालीवला एका गाळ्यात माझं वर्कशॉप आहे. पिक्चर ट्यूबच्या काळापासून हेच करतो. अशा वेळी "मी शांतपणे निरीक्षण केलं" असं लिहायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी खुर्ची मागे ओढली आणि खिशातले सेल चाचपून पाहिले. होते.

"बघितलंस?" मावशी म्हणाल्या. "हेच ते."

हे सगळं सुरू झालं माझ्याच सल्ल्यावरून. भुईगावच्या या घरात मी वर्षानुवर्षं जातोय. पुढच्या खोलीत कैतानकाकांचं टेलरिंगचं दुकान, मागे घर. काका मशीनवर बसून टीव्ही बघत. मशीनच्या खडखडाटाने कान गेलेले आणि डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे आवाज मोठा आणि ब्राइटनेस फुल्ल. मावशी आतून ओरडायच्या, "अहो, कमी करा!" काका म्हणायचे, "काय?" त्यांच्या संसाराचा निम्मा संवाद मी याच दोन वाक्यांत ऐकला आहे.

अँटेनाच्या काळात आमच्या धंद्यात "घोस्ट" नावाची एक तक्रार असायची. सिग्नल एखाद्या उंच इमारतीवर आपटून दुसऱ्यांदा यायचा आणि पडद्यावर प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच एक फिकट सावली उभी राहायची. मी छपरावर चढून अँटेना फिरवायचो आणि काका खालून ओरडायचे, "गेलं रे भूत!" मग खाली आलो की चहा. वसईतली निम्मी भुतं मी घालवली, अशी फुशारकी मी घरी अजून मारतो. बायको म्हणते, राहिलेली निम्मी तुझ्या गाळ्यात सुट्या पार्टमध्ये पडली आहेत.

काका गेले. पुढे थोड्याच दिवसांत त्यांचा टीव्हीही गेला. पॅनलच गेलं होतं. मावशींना मी सांगितलं की आता हा करण्यात अर्थ नाही, नवीन घ्या.

"कुठून घेऊ?"

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, मयतीत विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असताना विचारला होता. मावशींची मुलगी सुनीता मीरा रोडला राहते. तिचं म्हणणं होतं, ऑनलाइन मागवू, नाहीतर मोठ्या शोरूममधून घेऊ. मावशी म्हणाल्या, "ते डबा दारात ठेवून जातात. मग अडलं तर मी कोणाला विचारू, डब्याला?" मी म्हटलं, पारनाक्याकडे नरेशचं दुकान आहे. ओळखीचा माणूस आहे. काही झालं तर मी आहेच.

"मी आहेच" हे वाक्य माणसाने विचार करून बोलावं.

टीव्ही आला. पुढच्या खोलीत, जुन्याच जागी लागला. आणि मग सुरू झालं. मावशी आवाज कमी करून बसायच्या आणि थोड्या वेळाने तो आपोआप मोठा व्हायचा. उजेड कमी केला तर पुन्हा भडक. संध्याकाळी रोजरी म्हणताना त्या टीव्ही म्यूट करायच्या, बंद नाही करायच्या. चित्र चालू राहिलं की घरात माणूस असल्यासारखं वाटतं म्हणायच्या. तर अर्ध्या रोजरीत टीव्ही ओरडायला लागायचा. बरं, आवाज दरवेळी नेमका तेवढाच. काकांना लागायचा तेवढा.

कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. त्याने रिमोट हातात घेतला, सगळी बटणं दाबून बघितली, कागदावर "एनएफएफ" लिहिलं आणि गेला. एनएफएफ म्हणजे नो फॉल्ट फाउंड. मशीन ठीक आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा, असा त्याचा मराठी अर्थ.

सुनीतासमोरही कधी झालं नाही. ती यायची तेव्हा रिमोट तिच्याच हातात, दर मिनिटाला चॅनेल बदलणार. एकदा मात्र तिने दारातून ऐकलं. आई टीव्हीकडे बघून म्हणत होती, "अहो, कमी करा. ऐकतेय मी."

त्या दिवशी सुनीताने मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

मला फोन आला तो तिचाच. "दिलीपदादा, तुम्ही सांगितलं तिथूनच टीव्ही घेतला. आता शनिवारी या. फॉल्ट निघाला तर ठीक. नाही निघाला तर आईला मी घेऊन जाणार. तिला एकटी नाही ठेवायची मला."

मी गेलो तेव्हा आत बॅग भरणं चाललं होतं. मावशी पुढच्या खोलीत ताठ बसल्या होत्या. मुलीशी त्या घरच्या बोलीत बोलतात, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. त्या दिवशी जरा जास्तच शाळेतल्या.

"दिलीप, मी वेडी झाले नाही."

"नाही हो मावशी."

"तुला कसं माहीत?"

मी मीटर काढून व्होल्टेज बघितलं. ठीक. वायफाय बंद केलं. फोन आत ठेवायला लावले. शेजारच्या घरातला रिमोट खिडकीतून लागत असेल म्हणून पडदा ओढला. रिमोटचं बटण आत अडकून राहिलं असेल म्हणून सेल काढून खिशात टाकले. टीव्हीचा आवाज आणि उजेड त्याआधी अगदी कमी केले होते.

मग बसून राहिलो. दुसरा उपाय नसतो. कधीकधीच येणाऱ्या फॉल्टला आम्ही "इंटरमिटंट" म्हणतो. त्याला पकडायचं तर त्याच्यासमोर बसावं लागतं, तेही त्याला कळू न देता.

बाहेर केळींच्या मागे दिवस उतरत होता. मावशींच्या ओठांत प्रार्थना चालू होती. काकांची खुर्ची अजून मशीनपाशीच होती, पाठ भिंतीला, तोंड टीव्हीकडे. मी तिच्याकडे न बघता बसलो होतो. न बघायला बरीच मेहनत पडत होती. उजेड इतका कमी झाला की मशीनवरच्या कापडाच्या घड्या खांद्यासारख्या दिसायला लागल्या.

आणि तेव्हा ती बातम्यांवाली बाई ओरडली.

सुनीता धावत बाहेर आली. "आई, किती वेळा—" आणि ती थांबली. माझ्या एका हातात उघडा रिमोट होता, दुसऱ्या हातात सेल. मी ते तिला दाखवत होतो. पुरावा म्हणून की आधार म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

"कोणी वाढवला?" तिने विचारलं.

तिने खुर्चीकडे बघितलं. मग आईजवळ जाऊन बसली, अगदी चिकटून.

मला एक गोष्ट खटकली होती. रिमोटने आवाज वाढवला तर स्क्रीनवर आकड्याची पट्टी दिसते. ती आलीच नव्हती. म्हणजे आवाज कोणी वाढवला नव्हता, टीव्ही आपल्या ठरलेल्या जागी परत गेला होता. आणि दरवेळी नेमका तेवढाच. माणूस एवढा नेमका नसतो. कैतानकाका तर कधीच नव्हते, त्यांनी शिवलेल्या माझ्या पँटचे दोन पाय आजही वेगवेगळ्या उंचीचे आहेत.

मी सेल घातले आणि सेटिंगमध्ये शिरलो. पिक्चर, साउंड, सिस्टिम. एकदम तळाशी, जिथे कोणी जात नाही, तिथे एक ओळ होती. वापराची जागा: दुकान.

शोरूममध्ये टीव्ही मांडलेले असतात तेव्हा गिऱ्हाईकं रिमोटशी खेळतात, कोणी आवाज बंद करतं, कोणी रंग घालवतं. म्हणून कंपनीने सोय केलेली असते. याला स्टोअर मोड म्हणतात. बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही, की टीव्ही आपणहून पुन्हा भडक आणि मोठा होतो. म्हणूनच इंजिनिअरला काही सापडलं नाही. त्याने बटणं दाबणं थांबवलंच नव्हतं. आणि मी? मी बोर्ड उघडणारा माणूस. नवीन टीव्ही माझ्याकडे येतो तो मेल्यावरच. तो जन्मतो कसा, हे मी कधी बघितलेलंच नाही.

पण पुढचं माझ्या लगेच लक्षात आलं आणि कान तापले. स्टोअर मोड म्हणजे हा दुकानात मांडलेला डिस्प्ले पीस. नरेशने मावशींना वापरलेला टीव्ही नवीन म्हणून दिला, तोही माझ्या ओळखीवर. आतून फोन आणून मी तिथूनच नंबर लावला.

"नरेश, लाज नाही वाटत?"

"काय झालं?"

"विधवा बाईला डिस्प्ले पीस देतोस?"

"डोकं फिरलंय का? सीलपॅक दिलाय. माझ्या पोराने त्यांच्यासमोर सील फोडलं!"

"मग स्टोअर मोडवर कसा?"

"मला काय माहीत? पोराने भिंतीवर लावला, चालू करून दिला. पुढचं मावशी म्हणाल्या मी करते, मला वाचता येतं. विचार त्यांना!"

फोन स्पीकरवर होता. मी मावशींकडे बघितलं.

"त्याने विचारलं होतं," मावशी म्हणाल्या.

"कोणी? पोराने?"

"टीव्हीने. पहिल्या दिवशी. कुठे वापरणार, घर की दुकान. मी दुकान दाबलं."

"आई!" सुनीता ओरडली.

"मग काय खोटं सांगू? ही खोली दुकानच आहे. गुमास्ता लायसन अजून भिंतीवर आहे. लाइटचा मीटर कमर्शियल आहे. हल्लीच्या वस्तू सगळं वर कळवतात म्हणतात. उद्या वीजवाले आले असते तर?"

स्पीकरवर नरेश हसायला लागला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, माफी नको, पुढचं गिऱ्हाईक पाठव.

मी रिमोट मावशींच्या हातात दिला. "तुम्हीच बदला." त्यांनी चष्मा नीट केला, सुनीतासमोर एक एक बटण दाबत खाली गेल्या आणि "घर" निवडलं. मी आवाज पुन्हा अगदी बारीक केला. मग आम्ही तिघं चहा पीत बसलो. रिमोटला कोणी हात लावला नाही. बाहेर पूर्ण अंधार झाला. बातम्यांवाली बाई ओठ हलवत राहिली. काहीही झालं नाही.

सुनीता उठली, आत गेली. आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. कपडे परत कपाटात जात होते.

"आता नाही होणार ना?" मावशींनी हळू विचारलं.

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. पण टीव्हीकडे बघत राहिल्या, कोणीतरी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं.

पुढे बऱ्याच दिवसांनी वटारला एका घरी काम होतं. परतताना तिन्हीसांजेला भुईगावातून आलो. मावशींच्या गल्लीत शिरायच्या आधीच मला टीव्ही ऐकू आला. तोच आवाज. स्कूटर उभी करून गेलो तर दाराला बाहेरून कुलूप. खिडकीतून पांढरानिळा उजेड. आत कोणी नाही. काकांची खुर्ची, मशीन, आणि समोर पडद्यावर कोणीतरी जिवाच्या आकांताने बातम्या देतंय.

मी स्वतः तो मोड बदलताना बघितला होता. मी खिडकीपासून दोन पावलं मागे आलो. पुढे नक्की काय केलं असतं ते माहीत नाही, कारण मागून मावशी म्हणाल्या, "कोण, दिलीप?"

त्या चर्चमधून येत होत्या. हातात किल्ली.

"मावशी, टीव्ही..."

"मीच लावून गेले. हल्ली चोऱ्या होतात ना. आवाज असला की वाटतं कोणीतरी आहे."

"पण आपण तर घर केलं होतं..."

"तूच तर शिकवलंस. मी घरी असले की घर. बाहेर गेले की दुकान." त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि आत बघून सहज म्हणाल्या, "आले हो. कमी करा आता."

माझ्याशी बोलत नव्हत्या. मग चप्पल काढली, मशीनवरचा रिमोट उचलला आणि आवाज स्वतःच कमी केला. मला म्हणाल्या, "बस, चहा टाकते." मी बसलो. त्या खुर्चीत नाही.

टीव्ही कुठून घेऊ, हे लोक मला अजूनही विचारतात. मी आता दुकानाचं नाव सांगत नाही. कुठूनही घ्या म्हणतो. फक्त तो पहिल्या दिवशी काहीतरी विचारतो, तेव्हा घरातल्या सर्वात प्रामाणिक माणसाच्या हातात रिमोट देऊ नका.