सवेतचं पोयसियन

सवेत गेल्यावर लमदुआनने त्याच्या पोयसियनला रोज पाणी घालायला सुरुवात केली. नवऱ्याने बारा वर्षं जिवापाड जपलेलं काटेरी झाड, त्याला तहानलेलं कसं ठेवायचं, असं तिला वाटे. दोन महिन्यांत पानं गळाली आणि बुंधा बोटाने दाबला तरी आत जाऊ लागला.

राचबुरी शहरातल्या त्या गल्लीत या झाडांची जाण असलेला एकच माणूस होता, समोरच्या घरातला प्रयोंग मास्तर. देवळाच्या जत्रेत त्याच्या पोयसियनला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हापासून सवेतने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. कारण मात्र त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही. लमदुआन तीन दिवस घुटमळली, मग कुंडी कडेवर घेऊन रस्ता ओलांडून गेली.

मास्तरने बुंधा पाहिला आणि पाणी किती घालता, एवढंच विचारलं. हातमोजे चढवून त्याने शेंड्याकडच्या चार धडधाकट फांद्या कापल्या. पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका म्हणाला, फांद्या धुऊन सावलीत वाळत ठेवल्या. आठवडाभराने या, जाड वाळू आणि भाताचं जळकं तूस मिसळून लावू, असंही सांगितलं. ती निघाली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, बक्षीस मिळालं ते झाड सवेतनेच दिलेल्या फांदीचं होतं. पंचांनी विचारलं, तेव्हा मी ते माझंच म्हणून सांगितलं."

"हे त्यांच्यासमोर कबूल करायचं होतंत, मास्तर."

"धीर झाला नाही."

लमदुआनला राग आला, पण आठवड्याने ती गेलीच. दोघांनी लावलेल्या चारांपैकी तीन फांद्या जगल्या. त्यातली एक तिने मास्तरच्याच अंगणात ठेवली, दोन आपल्या खिडकीत आणल्या आणि माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही, हे शिकली.

पुढच्या वर्षी जत्रेत मास्तरने तेच जुनं झाड पुन्हा मांडलं. या वेळी त्याला तिसरं बक्षीस मिळालं. कुंडीला लावलेल्या चिठ्ठीवर त्याने ठळक अक्षरांत लिहिलं होतं : मूळ झाड सवेतचं. लमदुआनने ते दोनदा वाचलं. मग जत्रेतल्या गाड्यावरून रश्श्यातल्या शेवयांचे दोन वाडगे घेऊन ती मास्तरच्या शेजारी बाकावर जाऊन बसली.

"तिखट कमी आहे," ती म्हणाली, "खा."